चिंचेनं घासलेला लिंकन

कॉल संपवून किचनमध्ये आले तर सिंकशेजारी जुन्या पंचावर शंभरेक पेन्या, म्हणजे अमेरिकेतली एका सेंटची तांब्याची नाणी, ओळीने वाळत घातलेल्या. लखलखीत. दिवाळीच्या आदल्या दिवशी देवाची ताम्हन-पळी दिसते ना, डिट्टो तशा. आई हात पुसत उभी, आणि चेहऱ्यावर ते समाधान जे फक्त तांब्या-पितळेची भांडी घासून झाल्यावरच येतं. "अगं काय त्या कळकट, हातात धरवेनात. फ्रिजमध्ये चिंच होती, मीठ घेतलं, म्हटलं तुझी मीटिंग चाललीय तोवर उरकून टाकू."

मी काहीच बोलले नाही. तोंड उघडलं होतं, आवाज आला नाही. कारण मागचे तीन आठवडे मी त्याच पेन्या मुलाच्या सायन्स किटमधल्या भिंगाखाली, फक्त कडेनं, दोन बोटांत धरून बघत होते, आणि जिथे जिथे वाचलं तिथे पहिलं वाक्य एकच, की बाकी काहीही करा पण जुनं नाणं घासू नका. त्याच्यावरचा तो तपकिरी-काळपट थर म्हणजे मळ नाही, ते त्या तांब्याचं वय, आणि बाजारात पैसे त्या वयाचेच मिळतात. हे आईला सांगणं म्हणजे... असो. कळशीवर एक डाग दिसला तर सासूने माहेरचा उद्धार करायचा अशा घरात तिची चाळीस वर्षं गेलीत.

या पेन्या ज्या डब्यातून आल्या तो मिळाला कुठून ते आधी सांगते. आम्ही राहतो सेंट्रल जर्सीत, उन्हाळ्यात शनिवारी सकाळी इथे दर तिसऱ्या घरासमोर गराज सेल, घरातलं नको झालेलं सामान दारातच मांडून विकायचं. त्यातल्या एका घरी एक माणूस वडिलांचं सामान काढून टाकत होता, त्यात निळा गोल बिस्किटांचा डबा, आपल्याकडे ज्यात सुईदोरा असतो तो. उचलला तर उचलेना. आत चिल्लर. किती म्हटलं तर म्हणाला वीस डॉलर द्या, मोजत बसायला मला वेळ नाही. घरी येऊन आम्ही नुसती लिहिलेल्या किमतीने मोजली तरी ३१ डॉलर ८५ सेंट भरली. नवरा म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा तू गराज सेलमध्ये नफा केलास, आता इथेच थांब. पण थांबतंय कोण. वरच्या थराखाली पिवळट कागदी पुडक्या होत्या, पेन्सिलने बारीक अक्षरात सालं लिहिलेल्या, म्हणजे त्या माणसाचे वडील कधीतरी बसून वेगळं काढत होते, आणि मग मधेच सोडून दिलं असणार.

नाण्यांशी माझं नातं तोवर कपड्यांच्या मशीनपुरतं होतं. २००६ साली आले तेव्हा अपार्टमेंटच्या तळघरात लाँड्री, आणि मशीनला फक्त क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, चालायचे. नोटा नाही, कार्ड नाही, डाइम-निकल नाही. शुक्रवारी बँकेत जाऊन दहा डॉलरचं एक रोल आणायचं, चाळीस क्वार्टर्स, आणि ते खर्चाच्या चिल्लरीत मिसळू नयेत म्हणून लोणच्याच्या बाटलीत वेगळे ठेवायचे. भाजी आणायला गेलं आणि पार्किंग मीटरला त्यातले चार गेले तर घरात भांडण. गार्डन स्टेट पार्कवेवर टोलनाक्याला टोपली असायची, गाडीच्या खिडकीतून त्यात नाणी फेकायची, मी पहिल्यांदा फेकली तेव्हा निम्मी बाहेर पडली आणि मागचे हॉर्न मारायला लागले. तर क्वार्टर म्हणजे माझ्या लेखी पैसा नव्हताच, ती धुण्याची किल्ली होती.

आईला मात्र क्वार्टर पहिल्या दिवसापासून कळला. "पावली की गं ही." बरोबरच आहे, रुपयाचा चौथा हिस्सा ती पावली, डॉलरचा चौथा हिस्सा तो क्वार्टर. तिला चवली, पावली, अधेली सगळं पाठ. इथलेही जुने लोक क्वार्टरला टू बिट्स म्हणायचे, कारण एकेकाळी इथे स्पॅनिश डॉलर चालायचा आणि त्याचे आठ भाग धरायचे, त्यातले दोन म्हणजे पाव. अमेरिकेत स्वतःची टांकसाळ १७९२ च्या कायद्याने सुरू झाली तरी ही परदेशी नाणी १८५७ पर्यंत कायदेशीर होती. म्हणजे डॉलर दशमान आणि हिशोब आठाच्या पटीत, जसं आपल्याकडे नवे पैसे आल्यावरही लोक पंचवीस पैशाला चार आणेच म्हणत राहिले.

पण डाइम कुणालाच कळत नाही. मला कळायला सहा महिने लागले. दहा सेंटचं नाणं, आणि ते पाच सेंटच्या निकलपेक्षा लहान, इतकंच काय एका सेंटच्या पेनीपेक्षासुद्धा लहान. वर दहा हा आकडा कुठेही नाही, फक्त 'वन डाइम' लिहिलंय, आता डाइम म्हणजे किती हे ज्याला माहिती नाही त्याने काय करायचं? पहिल्या वर्षी दुकानात मी सरळ तळहात पुढे करायचे आणि कॅशियर त्यातली हवी ती वेचून घ्यायचा, कोंबडी दाणे टिपते तसं. याचं कारण डबा मिळाल्यावर कळलं. डाइम पहिल्यापासून चांदीचा. दहा सेंटच्या चांदीला जेवढी जागा लागते तेवढाच तो मोठा. पाच सेंटचं नाणंही आधी चांदीचंच होतं, त्याहून इवलंसं. सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे इथल्या यादवी युद्धात, लोकांनी चांदीची नाणी दाबून ठेवली, मग युद्धानंतर १८६६ मध्ये तांबं-निकलचं मोठं नाणं काढलं, तो हा निकल. चांदी गेली पण आकार तसाच राहिला. आजसुद्धा डाइम, क्वार्टर यांच्या कडेला बारीक खाचा असतात आणि पेनी-निकलच्या कडा गुळगुळीत, कारण किंमती धातू कडेनं कानस लावून चोरता येऊ नये म्हणून त्या खाचा होत्या. आता चोरायला आत काही नाही, पण डाइमला ११८ खाचा आणि क्वार्टरला ११९, अजून इमानेइतबारे पाडतात.

चांदी गेली ती १९६५ साली. चांदीचा भाव वाढत होता, लोक नाणी दाबून ठेवायला लागले, बाजारात चिल्लर मिळेना. मग अध्यक्ष जॉन्सननी जुलै १९६५ मध्ये कायद्यावर सही केली. डाइम आणि क्वार्टर यांच्यातून चांदी पूर्ण बंद, अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्क्यांवरून ४० वर, आणि १९७१ पासून तीही नाही. सही करताना त्यांनी बजावलं होतं की चांदीची नाणी साठवून कुणाचा फायदा होणार नाही, सरकारकडे भरपूर चांदी आहे. आणि संग्राहकांवर सरकारचा इतका राग की १९६५ ते ६७ तीन वर्षं नाण्यांवर टांकसाळीचं अक्षरच, म्हणजे नाणं कुठे पाडलं ते सांगणारी खूण, टाकलं नाही, घ्या आता काय गोळा करताय ते. लोकांनी ऐकलं नाही, लोक कधी ऐकतात. काही वर्षांत चांदीची नाणी गल्ल्यातून जवळजवळ गायब झाली.

त्यामुळे अमेरिकन चिल्लर हातात आली की पहिली गोष्ट बघायची साल, आणि सालाच्याही आधी कड. १९६५ पासूनच्या क्वार्टरची कड बघा, मधून तांब्याची लालसर रेघ दिसते, सँडविचसारखी. १९६४ किंवा आधीचा असेल तर कड सगळी पांढरी. वजन सव्वासहा ग्रॅम, त्यात नव्वद टक्के चांदी, म्हणजे पाच ग्रॅम आणि वर थोडी. चांदी औंसाला ३० डॉलर असेल तर त्या पंचवीस सेंटच्या पोटात साधारण साडेपाच डॉलर, भाव वर गेला की तेही वर. यात हौस, दुर्मिळता, काहीही नाही, नुसता सराफी हिशोब. आमच्या डब्यात असे सात क्वार्टर आणि तेवीस डाइम निघाले, त्या कागदी पुडक्यांमध्ये. काकांना, म्हणजे त्या डब्याच्या मालकाला, कड बघायची अक्कल होती. आणि निकलमध्ये एक वेगळीच गंमत निघाली, १९४२ ते ४५ ची युद्धकाळातली चार नाणी, ज्यात निकल धातू लढाईला लागत होता म्हणून ३५ टक्के चांदी घातली होती, मागच्या बाजूला अध्यक्ष जेफरसनच्या घराच्या घुमटावर टांकसाळीचं मोठ्ठं अक्षर. ती गोळा करायला मला मजा आली, कारण दिसायला ती सगळ्यात मळकट होती.

आणि हे सगळं आजही चालतं. या गोष्टीचं मला सगळ्यात आश्चर्य वाटतं. १७९३ ची पेनी घेऊन तुम्ही आज दुकानात गेलात तर कायद्याने ती एक सेंट आहे. कुणी देणार नाही, पण आहे. ट्रेड डॉलर नावाचा एक अपवाद होता, १८७६ मध्ये त्याची मान्यता काढली, आणि १९६५ ला तीही परत दिली. आपण कुठल्या देशातून आलो? जून २०११ च्या अखेरीस चार आणे बंद झाले तेव्हा आईकडे मुरांब्याची एक बरणी भरून पंचवीस पैसे होते, आरतीच्या ताटात टाकायला ठेवलेले. नोव्हेंबर २०१६ तर सोडाच, त्याबद्दल प्रत्येक घरात तांदळाच्या डब्याची एक तरी गोष्ट आहे. आपल्याला पैसा जुना झाला की पोटात गोळा येतो. इथल्या माणसाला वाटतं, जुनं आहे, ठेवून देऊ. माझ्या मते इथे नाणी जमवण्याचा छंद इतका घरोघरी आहे त्याचं अर्धं कारण हे असावं, की तुम्ही कितीही मूर्खपणा केलात तरी त्याच्यावर लिहिलेल्या किमतीच्या खाली जाऊच शकत नाही. १९३३ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, डबल ईगल, इजिप्तच्या राजा फारूककडे एकेकाळी होतं म्हणतात ते, २००२ मध्ये ७५ लाख डॉलरच्या वर लिलावात गेलं, आणि घेणाऱ्याकडून वर आणखी वीस डॉलर घेतले. कारण ते कधी अधिकृतपणे चलनात आलंच नव्हतं, मग सरकारला त्याची दर्शनी किंमत तर मिळायला हवी ना. २०२१ मध्ये तेच नाणं जवळजवळ एक कोटी नव्वद लाखाला गेलं. पण त्या वीस डॉलरच्या पावतीवर माझा जास्त जीव आहे.

आता मामा. डब्याची बातमी आईने अर्थातच त्याच रात्री साताऱ्याला पोचवली आणि सकाळी व्हॉट्सॅपवर फोटो. एक केनेडी अर्धा डॉलर, त्याच्यावर १७७६–१९७६ अशी दोन सालं. मामाच्या एका मित्राने, जो बोटीवर होता, १९७८ च्या सुमारास दिलेला, तेव्हापासून देव्हाऱ्यात. मामाने एक व्हिडिओ बघितला होता की हे नाणं असेल तर तुम्ही करोडपती, आणि खाली नंबर, आणि त्या नंबरवरच्या गोड बोलणाऱ्या माणसाने सांगितलं की काका तुमचं नाणं ३८ लाखाला जातंय, फक्त रजिस्ट्रेशनचे साडेतीन हजार भरा, रिझर्व्ह बँकेची परवानगी काढावी लागते. मामा बँकेत नोकरी करून रिटायर झालेला माणूस. मी म्हटलं, मामा, तुम्ही तरी... तर म्हणाला, "अगं दोन सालं आहेत त्याच्यावर! १७७६ आहे!"

१७७६ हे स्वातंत्र्याचं साल, त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून १९७५-७६ मध्ये काढलेली सगळी क्वार्टर, अर्धा डॉलर, डॉलर अशीच आहेत, दोन्ही सालं एकत्र. क्वार्टरच्या मागे ढोल वाजवणारा माणूस. कोट्यवधी पाडली. काही खास संच चांदीचे होते ते सोडले तर त्याची किंमत पन्नास सेंट, आणि साताऱ्यात तेवढीही नाही, कारण मनी चेंजर नोटा घेतात, परदेशी नाणी घेत नाहीत. साडेतीन हजार मामाने भरले नव्हते, पण भरणार होता, फक्त यूपीआयचा पिन मामीला माहीत होता आणि मामी गोंदवल्याला गेली होती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही, आमच्या नावाने कुणी फी-कमिशन मागितलं तर देऊ नका. ते मी मामाला पाठवलं. त्यावर अंगठा आला. नुसता अंगठा. म्हणजे राग आलाय.

मामाला हसायचा मला अधिकार नाही पण, कारण मी स्वतः त्या तीन आठवड्यांत काय कमी वेडी झाले होते? रात्री साडेबाराला किचनमधल्या वजनकाट्यावर १९८२ च्या पेन्या एकेक करून. कारण १९८२ च्या मधेच पेनी बदलली, आधी ९५ टक्के तांबं, ३.११ ग्रॅम, नंतर आतून जस्त आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा, अडीच ग्रॅम. आणि त्या गोंधळात डेन्व्हरच्या टांकसाळीत छोट्या आकड्यांचं साल असलेली एखाद-दुसरी पेनी चुकून जड तांब्याची निघाली, अशी एक विकली गेली ती दहा हजार डॉलरच्या वर. आमचा काटा पोह्यांसाठी घेतलेला, पॉइंटच्या पुढचं दाखवत नाही, सगळ्या पेन्या कधी दोन कधी तीन. मग मी दहा-दहा एकत्र ठेवून भागाकार. नवऱ्याने दारात उभं राहून बघितलं आणि काही न बोलता झोपायला गेला.

१९४३ ची पेनी पोलादाची, तांबं युद्धाला गेलं म्हणून, वर जस्ताचा थर, पांढरी दिसते, ती प्रत्येकाला दुर्मिळ वाटते आणि ती असते काही सेंट. पण त्याच साली चुकून तांब्याच्या चकतीवर छापली गेलेली मूठभर, त्यांना लाखभर डॉलरसुद्धा मिळालेत. लोक मग साध्या पोलादी पेनीला तांब्याचा मुलामा देऊन विकतात, म्हणून लोहचुंबक जवळ ठेवायचं, चिकटली की खोटी. १९५५ ची एक आहे जिच्यावरची अक्षरं आणि साल डबल दिसतं, चष्मा न लावता वाचल्यासारखं. ती हजाराच्या पुढे जाते, आणि गंमत म्हणजे ती बघायला भिंग लागत नाही. इंटरनेटवर जे 'दुर्मिळ एरर' म्हणून गोल करून दाखवतात ना, त्यातले शंभरातले नव्व्याण्णव नुसते झिजलेले किंवा मार बसलेले असतात. हे मी आता शहाणपणाने सांगतेय. तेव्हा माझ्याकडे अशी अकरा होती, वेगळ्या वाटीत.

आणि एक, फक्त एक, खरी होती. १९०९. लिंकनच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून त्या साली त्याचा चेहरा पेनीवर आला, त्याआधी चलनी नाण्यावर खऱ्या अध्यक्षाचा चेहरा घालत नसत, ते राजाराणीचं काम. शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर, त्याने मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्यांच्या मधे तळाशी आपली आद्याक्षरं घातली, व्ही. डी. बी. लोकांना ती फार मोठी वाटली, पेपरात ओरड झाली, काही दिवसांत काढून टाकली. त्या काही दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला ४ लाख ८४ हजार पेन्या पाडून झाल्या होत्या, सालाखाली एस अक्षर, आणि अमेरिकेत पेन्या जमवणाऱ्या प्रत्येक शाळकरी पोराने आयुष्यात एकदा तरी तिचं स्वप्न बघितलेलं असतं. झिजलेली असली तरी काही शे डॉलर. आमच्या पेनीवर व्ही. डी. बी. होतं. स्पष्ट. सालाखाली... काहीच नव्हतं. काही नसणं म्हणजे फिलाडेल्फिया, आणि फिलाडेल्फियाने पाडल्या जवळजवळ दोन कोटी ऐंशी लाख. तरी चांगल्या अवस्थेत पंधरा-वीस डॉलर. रंग असा सुंदर, जुन्या सागवानी कपाटासारखा. तोच लिंकन आता पंचावर पहिल्या ओळीत पडून चकाकत होता, गुलाबी, नुकतीच अंघोळ घातलेल्या बाळासारखा.

पुढच्या शनिवारी आम्ही नाण्यांच्या दुकानात गेलो, आईला घेऊन. छोटंसं दुकान, बाजूला सलून, दार आतून बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. आत म्हातारा एकटा. चांदीचे क्वार्टर त्याने बघितले पण नाहीत, एकेक काचेवर दोन इंचावरून सोडला आणि आवाज ऐकला. आमचा नेहमीचा क्वार्टर सोडला तर ठक्क. १९६४ चा सोडला तर टिण्ण करून बराच वेळ राहिला. आई म्हणाली, "सराफ आहे होय हा." माझ्या अकरा एरर त्याने बोटाने एका बाजूला सरकवल्या आणि म्हणाला, अकरा सेंट. गव्हाच्या ओंब्यांवाल्या साध्या पेन्या, १९५८ पर्यंतच्या, त्या तो पाच-पाच सेंटला घेत होता. मग १९०९ हातात घेतली, दिव्याखाली एकदाच फिरवली. एकच शब्द बोलला, क्लीन्ड.

इथे नाण्यांना एक ते सत्तर मार्क देतात, शेल्डन स्केल, १९४९ पासूनची, आणि १९८६-८७ नंतर तर मार्क देणाऱ्या कंपन्याच निघाल्या, नाणं प्लॅस्टिकच्या डबीत सील करून वर लेबल. पासष्टवरून सहासष्टवर गेलं तर किंमत दुप्पट-तिप्पट होऊ शकते. आणि घासलेलं असेल तर मार्कच मिळत नाहीत, लेबलवर नुसतं लिहितात घासलंय. बोर्डाच्या परीक्षेत कॉपी पकडल्यासारखं. मी आईला हे ट्रान्सलेट करून सांगत होते तर म्हातारा म्हणाला, कशाने घासलं, फार छान निघालंय. मी म्हटलं, टॅमरिंड. तो म्हणाला स्पेलिंग सांग. आईला इंग्लिश फार येत नाही पण एवढं समजलं, ती म्हणाली, "सांग त्याला, चिंच जुनी पाहिजे. नव्या चिंचेनं नाही निघत." सांगितलं. त्याने लिहून घेतलं, देवाशप्पथ. आणि पेनीचे चार डॉलर देतो म्हणाला. मी विकली नाही.

तिथेच ती दुसरी गोष्ट झाली, जी मला तेव्हापासून सोडत नाहीये. काचेखाली मोर्गन डॉलर मांडले होते, मोठे, जड, १८७८ पासूनचे, नेवाडाच्या खाणीतली चांदी. आईने ते बघितले आणि पर्समधून लाल कापडी पिशवी काढली. आजीचा रुपया. १९१९, पंचम जॉर्ज. यंदा लक्ष्मीपूजनाला माझ्याकडे ठेवायला म्हणून आणलेला, मला पत्ता नव्हता. "याला विचार, हा कितीचा." म्हाताऱ्याने काट्यावर ठेवला, साडेअकरा ग्रॅमच्या जरासा वर, म्हणजे तोळा. उलटा केला, तळाशी कमळाखाली भिंगाने बघितलं, बारीक टिंब. बाँबे, म्हणाला. मग कपाटातला एक मोर्गन काढून शेजारी ठेवला आणि विचारलं, तुम्हाला माहितीय का हे दोघं नातेवाईक आहेत?

मला नव्हतं माहीत. पहिल्या महायुद्धात ब्रिटन हिंदुस्थानातून माल आणि माणसं दोन्ही नेत होतं आणि पैसे रुपयात चुकते करत होतं. नोटा होत्या, पण नोट दाखवली की चांदीचा रुपया द्यायचा असं वचन होतं, आणि १९१८ च्या सुरुवातीला लोकांनी नोटा घेऊन रांगा लावल्या, रुपये द्या. आपले लोक, कागदावर विश्वास ठेवतायत होय. तिजोरीतली चांदी तळाला गेली. मग अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला, नेवाडाच्या सिनेटरचं नाव, आणि तिजोरीत पोत्यांनी पडून असलेले चांदीचे डॉलर वितळवायला काढले. २७ कोटींच्या वर. त्यातली बहुतेक चांदी औंसाला एक डॉलर भावाने ब्रिटनला विकली आणि ती मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत रुपये पाडायला गेली. कुठल्या सालचे किती डॉलर भट्टीत गेले याची कुणी नोंद ठेवली नाही, म्हणून आज काही सालांचे मोर्गन अचानक दुर्मिळ आहेत आणि काहींचे ढीग. म्हणजे ते जे काचेखाली पाचशे, हजार लिहिलं होतं ना, त्याच्यामागे थोडे आपले आजी-पणजी आहेत, ज्यांनी नोट नको म्हटलं.

घरी येऊन मी हिशोब केला. एका मोर्गनमध्ये शुद्ध चांदी चोवीस ग्रॅम, एका रुपयात साधारण पावणेअकरा. म्हणजे एका डॉलरचे सव्वादोन रुपये. आजीच्या रुपयात त्यातलीच चांदी आहे का हे कोण सांगणार. पण आईला ते इतकं आवडलं की त्या दिवशी रात्री फोनवर चार जणांना तिने सांगितलं, आणि प्रत्येक वेळी डॉलरची संख्या वाढत होती. मामालाही सांगितलं. मामाने विचारलं, मग रुपयाचे किती आले? म्हाताऱ्याने खरं तर चांदीच्या वजनाचाच भाव सांगितला होता, त्या सालचे फार पाडलेत म्हणून. आईने मामाला सांगितलं, "विकायचा नव्हता, म्हणून विचारलंच नाही."

यंदा लक्ष्मीपूजनाला ताटात आजीचा रुपया, दुकानातून घेतलेला एक साधा १९२१ चा मोर्गन, झिजका, स्वस्तातला, आणि आईच्या हट्टाने तो गुलाबी लिंकन. नवरा म्हणाला पेनी कशाला, एक सेंट, आणि सरकारला ती पाडायला पावणेचार सेंट पडतात. खरंच पडत होते. निकलला तर जवळजवळ चौदा. शेवटी १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनातली शेवटची पेनी पाडली, १७९३ पासून चाललेलं बंद. बंद म्हणजे पाडणं बंद, चालते अजून. आमच्या इथल्या दुकानात कॅश दिली की आता पाच सेंटपर्यंत वर-खाली करतात आणि गल्ल्याजवळची ती सुट्ट्या पेन्यांची 'घ्या किंवा ठेवा' वाली वाटी रिकामी दिसते. आई नोव्हेंबरच्या शेवटी परत गेली, लिंकन घेऊन. फोनवर सांगत होती की परत काळा पडायला लागलाय, घासू का. घास म्हटलं.

डब्यातली उरलेली चिल्लर, ज्यात काहीच नव्हतं, ती मी मागच्या रविवारी ग्रोसरी स्टोअरच्या दारातल्या मोजायच्या मशीनमध्ये ओतली. ते मशीन जे नाणं ओळखीचं वाटत नाही ते खालच्या वाटीत टाकून देतं, आणि चांदीचं वजन वेगळं म्हणून जुने चांदीचे क्वार्टर-डाइम हमखास तिथेच पडतात. माणसं ती वाटी न बघता निघून जातात. त्यामुळे आता मी आधी वाटीत हात घालते, दूध-अंडी नंतर. त्या दिवशी एक कॅनडाचा डाइम होता, एक शर्टाचं बटण, आणि दोन रुपये. आपले. २०११ चे. घेतले, आणि सवयीने सालाखाली बघितलं. चौकट. मुंबई.